माँटिचेलोचा उभा छेद : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

प्रदर्शनासाठी माँटिचेलो पक्कं झालं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, शार्लट्सव्हिल गावाजवळच्या डोंगरमाथ्यावर पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने बांधलेलं, गुलाम माणसांच्या श्रमांवर चाललेलं मळ्यावरचं घर. संयोजकांना हवं होतं दर्शनी चित्र : पांढरे खांब, घुमट, पुढे हिरवळ. मी सेक्शनचा, म्हणजे उभ्या छेदाचा, आग्रह धरला आणि त्यांनी तो मान्य केला. एलेव्हेशन, म्हणजे दर्शनी चित्र, जगाने पाहिलं आहे. १९३८ साली हे घर अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावर आलं, तेही एलेव्हेशन म्हणूनच. प्लॅन, म्हणजे मजल्याचा आडवा आराखडा, तोही प्रत्येक वास्तुकलेच्या पुस्तकात सापडतो. पण घर छतापासून तळघरापर्यंत उभं कापून पाहिलं, की त्यातली माणसं कुठे उभी राहायची, कुठून चढायची आणि कुणाच्या नजरेआड वावरायची, हे दिसतं. मला या घराबद्दल हेच सांगायचं आहे.

अमेरिकन सरकारच्या ऐतिहासिक इमारत सर्वेक्षणाची मोजणी-चित्रं सर्वांसाठी खुली आहेत. ती उतरवून घेतली. आमची मापं त्यांवरून. प्रमाण एका फुटाला अर्धा इंच. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत घर ११० फूट, म्हणजे कागदावर ५५ इंच. जमिनीपासून घुमटाच्या झरोक्यापर्यंत ४४ फूट ७ इंच. या प्रमाणात उभा माणूस पावणेतीन इंचांचा येतो, म्हणजे त्याच्या हातात काय आहे तेही काढता येईल. त्यासाठीच हे प्रमाण घेतलं.

१० जून

कालक्रम भिंतीवर लावला. थोडक्यात असा.

१७६८ मध्ये डोंगराचा माथा सपाट करायला घेतला. त्यासाठीचं खोदकाम माणसांच्या हातांनीच झालं. १७६९ मध्ये बांधकाम सुरू. सगळ्यात आधी उभा राहिला तो दक्षिणेचा छोटा मंडप, वर एक खोली आणि खाली स्वयंपाकघर. १७७० च्या नोव्हेंबरात जेफरसन तिथे राहायला आला. बैठक, जेवण, अभ्यास, झोप सगळं त्या एकाच खोलीत. १७७२ मध्ये लग्न झाल्यावर बायको मार्थालाही तिथेच आणलं. ती १७८२ मध्ये गेली. मग तो १७८४ ते १७८९ पॅरिसला राजदूत होता, आणि परत आला तो डोक्यात वेगळंच घर घेऊन.

पहिलं घर आठ खोल्यांचं, दोन मजली सज्जाचं, इटालियन वास्तुकार पॅलादिओच्या पुस्तकांवरून काढलेलं. १७९६ पासून त्याने त्याचा वरचा मजला उतरवायला घेतला आणि घर वाढवत एकवीस खोल्यांवर नेलं. घुमट १८०० साली चढला. काम आटोपलं १८०९ मध्ये, त्याची राष्ट्राध्यक्षपदाची दुसरी मुदत संपली त्या वर्षी.

म्हणजे चाळीस वर्षं हे घर बांधकामाखालीच होतं. आज आपण जे पाहतो ते दुसरं घर, पहिल्याच्या पोटातून निघालेलं. सेक्शनमध्ये जुन्या आणि नव्या भिंतींना वेगळं हॅचिंग, म्हणजे बारीक रेषांची भरण, द्यायचं ठरवलं होतं, पण चित्र फार गजबजतं. सोडून दिलं.

२२ जून

आज खिडक्या. या घराची मोठी करामत खिडक्यांत आहे आणि ती बाहेरून अजिबात कळत नाही.

पॅरिसमध्ये सीन नदीकाठी बांधला जात असलेला ओतेल द साल्म जेफरसनने पाहिला होता. पुढून पाहिलं तर एकच मजला, वर घुमट. त्याला आपलंही घर तसंच दिसायला हवं होतं, पण खोल्या तर तीन मजल्यांच्या हव्या होत्या. मग त्याने दुसऱ्या मजल्यावरच्या निजायच्या खोल्यांच्या खिडक्या अगदी जमिनीलगत बसवल्या. बाहेरून त्या खालच्या मजल्याच्या उंच खिडक्यांचाच वरचा भाग वाटतात. तिसऱ्या मजल्याला उजेड वरच्या झरोक्यांतून. रस्त्यावरून येणाऱ्याला दिसतं एकमजली, आटोपशीर, शांत घर.

आता आत उभं राहून बघा. दुसऱ्या मजल्यावर झोपणाऱ्या मुलीबाळींना आणि पाहुण्यांना खिडकीतून बाहेर बघायचं तर खाली बसायला हवं. खिडकीचा चौकट-माथा डोळ्यांच्या बराच खाली. सेक्शनमध्ये तिथे एक उभी बाई काढली आणि तिच्या डोळ्यांपासून रेषा ओढली. रेषा सरळ भिंतीत जाते. माझ्यासोबत या चित्रावर काम करणाऱ्या विद्यार्थिनी बराच वेळ त्या रेषेकडे पाहत राहिल्या. बाहेरच्या रूपासाठी आतल्याने काय सोसायचं, ही गोष्ट घरातल्यांपासूनच सुरू होते. तळघरातले पुढे येतील.

५ जुलै

छेदरेषा कुठून न्यायची यावर आज दिवसभर चर्चा.

पूर्व-पश्चिम कापलं तर चित्र देखणं येतं. पूर्वेचा खांबांचा मंडप, दोन मजली उंच दिवाणखाना, मग बैठकीची खोली, तिच्यावर घुमटाची अष्टकोनी खोली, मग पश्चिमेचा मंडप. पुस्तकांत हाच सेक्शन छापतात. सहकाऱ्याचं मत त्याच्याच बाजूने होतं : "लोक घुमट बघायला येणार. घुमट मधोमध पाहिजे."

मी उत्तर-दक्षिण धरून बसले. त्या रेषेतही घुमट मध्यावरच येतो, कारण तो बैठकीच्या खोलीवर आहे. डावी-उजवीकडे मात्र वेगळंच घर उघडतं. उत्तरेला जेवणाची खोली आणि तिच्याखाली वाइनचं कोठार. दक्षिणेला जेफरसनची निजायची खोली, भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेला पलंग, पलंगाच्या एका बाजूला निजायची खोली आणि दुसऱ्या बाजूला अभ्यासिका, पलंगाच्या वर कपड्यांचा माळा आणि त्याला लंबगोल झरोके. याच पलंगावर तो ४ जुलै १८२६ रोजी वारला. आणि या सगळ्याच्या खाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तळघरातली वाट.

ही वाट पूर्व-पश्चिम छेदात नुसतं एक चौकोनी भोक म्हणून दिसते. उत्तर-दक्षिण छेदात ती घराची पूर्ण लांबी घेते. रेषा तळघरात मोडून वाटेवर आणायची आणि वर बैठकीतून न्यायची असं ठरलं. मोडलेली छेदरेषा नियमात बसते, फक्त बाजूच्या छोट्या प्लॅनवर ती स्पष्ट दाखवली पाहिजे.

जिन्यांचंही याच वेळी पाहिलं. एवढ्या घराला भव्य जिना नाही. दोन जिने, दोन्ही आडोशाला, २४ इंच रुंद आणि चांगलेच खडे. मोठा जिना जागा खातो आणि खर्चही, असं जेफरसनचं मत. कागदावर एक इंचाची पट्टी. घागऱ्यातल्या बायकांनी, कडेवर मूल घेऊन, कपड्यांचे गठ्ठे घेऊन यावरून चढायचं. घुमटाची खोली तर घरातली सगळ्यात सुंदर, पण तिथे पोचायला हेच जिने. ती फारशी वापरलीच गेली नाही.

१९ जुलै

या प्रकल्पाचं काळीज आज कागदावर उतरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मळ्यावरच्या इतर घरांत स्वयंपाकघर, मांस धुरावण्याची जागा, तबेला, धुण्याची जागा मागे वेगळ्या इमारतींत असायची आणि उघड दिसायची. जेफरसनने त्या सगळ्या डोंगराच्या उतारात घातल्या. घराच्या उत्तर आणि दक्षिण बाजूंनी काटकोनात वळणारे दोन हात निघतात. वरून पाहिलं तर त्या लाकडी गच्च्या आहेत, पाहुण्यांना संध्याकाळी फिरायला. त्यांच्याखाली खोल्यांची रांग आहे. दक्षिणेला स्वयंपाकघर, आचाऱ्यांची खोली, दूधदुभत्याची खोली, मांस धुरावण्याची खोली. उत्तरेला बग्ग्या, घोडे, बर्फाचं कोठार. हिरवळीवर उभ्या असलेल्या पाहुण्याला यातलं काही दिसत नाही. दिसतो तो डोंगर, ढग आणि गच्चीचा कठडा.

स्वयंपाकघर दक्षिणेला आहे आणि जेवणाची खोली उत्तरेला. म्हणजे प्रत्येक पदार्थ स्वयंपाकघरातून निघून, गच्चीखालून, घराच्या तळघरात शिरून, अख्ख्या घराखालून उत्तरेला जायचा, आणि मग वर चढायचा. आम्ही ही वाट लाल शाईने काढली. संपूर्ण चित्रात एवढीच एक लाल रेषा असणार आहे.

वर पोचल्यावर जेवणाच्या खोलीच्या दारात फिरता दरवाजा. त्याच्या एका अंगाला फळ्या. बाहेरच्या बाजूने फळ्यांवर ताटं ठेवायची आणि दार फिरवायचं. ताटं खोलीत, ठेवणारा बाहेरच. शेकोटीच्या दोन्ही अंगांना उभ्या कपाटात दोरीवर चालणारे छोटे पाळणे. खाली वाइनच्या कोठारातला माणूस बाटली ठेवणार आणि वर ती आपोआप आल्यासारखी बाहेर निघणार. जेवताना पाहुण्यांच्या मध्ये चाकांची छोटी टेबलं, ज्याने त्याने वाढून घ्यावं म्हणून.

वास्तुकलेच्या वर्गात मी स्वतः ही यंत्रं "कल्पक" म्हणून ऐकली आहेत आणि ती कल्पक आहेतच. पण लाल रेषा ओढून झाल्यावर त्यांचा एकच धागा लागतो. वाढणारा दिसू नये. जेवणाच्या गप्पा त्याच्या कानी पडू नयेत. माणसाची मालकी असलेल्या घरात माणूसच लपवण्यावर इतकी बुद्धी खर्च झाली आहे. ज्याने "सर्व माणसं समान जन्मतात" हे १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिलं, त्याच्याच हातची ही रेखाटनं आहेत. दोन्ही गोष्टी त्याच हाताच्या, आणि मला त्या एकाच कागदावर हव्या आहेत.

१८०९ चं स्वयंपाकघर उत्तम आहे, हेही लिहायलाच हवं. विटांचा लांब ओटा, त्यात आठ चुली, प्रत्येकीचा विस्तव वेगळा सांभाळता येईल असा. फ्रेंच पद्धतीच्या सॉससाठी मंद आच लागते, ती इथे मिळायची. या ओट्यापुढे गुलामगिरीतली आचारी एडिथ फॉसेट उभी असायची. तिने वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांच्या निवासात फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली शिकून घेतलं होतं, वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षापासून. पाहुणे इथल्या जेवणाची तारीफ लिहून ठेवत. आयझॅक ग्रँजर, हा माँटिचेलोवरच गुलामगिरीत वाढलेला लोहार, त्याने म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींत म्हटलं आहे की मालक स्वयंपाकघरात यायचे ते फक्त घड्याळाला किल्ली द्यायला.

२ ऑगस्ट

घरातलं मोठं घड्याळ (स्वयंपाकघरातलं नव्हे, ते वेगळं) मुख्य छेदात येत नाही, कारण ते पूर्वेच्या दिवाणखान्यात आहे. त्यासाठी बाजूला वेगळा छोटा छेद.

दारावर बसवलेलं हे घड्याळ दोन तोंडांचं. आतल्या तोंडाला तास, मिनिटं, सेकंद. बाहेरच्या तोंडाला फक्त तासकाटा, कारण शेतातल्या माणसाला तेवढं पुरे असा हिशेब. छतावर चिनी घंटा, तिचे टोले दूरवर ऐकू जायचे. घड्याळ चालतं तोफगोळ्यांसारख्या वजनांवर. ती दोरीवरून खोलीच्या कोपऱ्यांत उतरतात आणि भिंतीवर वारांची नावं लिहिली आहेत, वजन ज्या नावाशी तो वार. आठवडा मात्र खोलीच्या उंचीत मावला नाही. जमिनीला भोक पाडलं आणि शनिवार तळघरात गेला.

तळघरातला शनिवार विद्यार्थिनींना फार आवडला. तो लेबलासकट काढला आहे.

१४ ऑगस्ट

लाकूडकामासाठी आमच्या ओळखीचे मिस्त्री आले होते. वाड्यांची दारं-खिडक्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. बैठकीच्या खोलीच्या दुपाखी काचदाराचा प्रश्न होता : एक पाख ढकललं की दुसरं आपोआप उघडतं. कागद न दाखवता मी विचारलं, "कसं केलं असेल?"

मिस्त्री म्हणाले, "ताई, वर काही दिसत नाही ना? मग खाली आहे. फरशीखाली दोन चाकं आणि मध्ये साखळी. साखळीला पीळ दिला तरच पाखं उलट्या दिशेने फिरतील."

अगदी तसंच आहे. इंग्रजी आठाच्या आकारात घातलेली साखळी, जमिनीखाली. आमच्या छेदात ती नेमकी कापली जाते. तिथली जमीनही पाहण्यासारखी आहे, चेरी आणि बीच लाकडाच्या चौकोनांची नक्षी.

मिस्त्रींनी दुसरा प्रश्न विचारला तो मला जास्त महत्त्वाचा वाटला. "हे केलं कुणी?"

जेम्स डिन्समोर हा आयर्लंडहून आलेला मुख्य सुतार, पगारी. त्याच्या हाताखाली शिकून त्याच्याइतकाच तयार झालेला जॉन हेमिंग्ज, १७७६ साली जन्मलेला, गुलामगिरीत. डिन्समोर १८०९ मध्ये काम सोडून गेल्यावर सुतारशाळा त्याच्याकडे आली. घरातलं बरंचसं नाजूक लाकूडकाम, बग्गीचा सांगाडा, आरामखुर्च्या त्याच्या हातच्या. जेफरसनची नात एलन लग्न होऊन बोस्टनला गेली तेव्हा त्याने तिच्यासाठी लिहायचं मेज केलं. ते जहाजातून जाताना १८२५ मध्ये समुद्रात गेलं. जेफरसनची शवपेटीही त्यानेच केली. मृत्युपत्राने त्याला स्वातंत्र्य मिळालं आणि सुतारशाळेतली हत्यारं मिळाली.

मिस्त्रींनी विचारलं, "हत्यारं दिली म्हणता, मग मजुरी?" जाण्यापूर्वी त्यांनी जॉन हेमिंग्जच्या रंध्याचा कोन आमच्या चित्रात सुधारून दिला.

३० ऑगस्ट

छप्पर. मोठ्या घराच्या छताबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण गच्च्यांखालचं पाहण्यासारखं आहे. वर सपाट लाकडी फळ्या, चालायला. त्यांच्याखाली करवतीच्या दातांसारखी छोट्या छोट्या छपरांची ओळ, प्रत्येक दोन दातांमध्ये पन्हळ. पाणी फळ्यांच्या फटींतून खाली जाऊन पन्हळींतून वाहून जावं अशी योजना. ती गळायची. गळायची ती स्वयंपाकघरावर आणि आचाऱ्यांच्या खोल्यांवर. आपल्याकडे पावसाळ्यात राहिलेल्या माणसाला यापुढे सांगायला नको.

१६ सप्टेंबर

कागद दक्षिणेला वाढवला.

दक्षिणेच्या खोल्यांच्या पलीकडे, उताराच्या जरा खाली, तुतीच्या झाडांचा रस्ता आहे, मलबेरी रो. हा मळ्याचा औद्योगिक रस्ता. १७९६ मध्ये जेफरसनने विम्यासाठी नकाशा काढला, त्यात या रस्त्यावरच्या सतरा इमारती मापांसकट नोंदल्या आहेत. सुतारशाळा ५७ फूट बाय १८ फूट, तिची दगडी चिमणी आजही उभी आहे. लोहारशाळा. खिळ्यांचा कारखाना, १७९४ मध्ये सुरू केलेला, तिथे दहा ते सोळा वर्षांची मुलं तापलेल्या लोखंडाच्या सळईचे खिळे पाडायची. तंबाखूने जमीन थकवली होती, गव्हाकडे वळायचं होतं, मधल्या काळात रोख पैसा या मुलांच्या हातून आला. आणि राहायची खोपटं : ओंडक्यांच्या भिंती, लाकडी चिमणी, मातीची जमीन, १२ फूट बाय १४ फूट.

मापं लिहिलेली आहेत, तेव्हा काढायला अडचण नाही. आमच्या कागदावर असं खोपटं सहा इंच बाय सात इंच येतं, ५५ इंचांच्या घराशेजारी. आणि लाकडी चिमणीला आग लागली तर काय करायचं तेही विद्यार्थिनीने विचारलं. चिमणी घरापासून सुटी कलती ठेवून ढकलून पाडायची, अशी तेव्हाची ओंडक्यांच्या घरांची रीत. तेही काढू.

संयोजकांपैकी एकांचा फोन आला. कागद भिंतीवर मावणार नाही, घरापुरतंच ठेवा, मळा म्हणजे विषयांतर होईल, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं की भिंत बदलता येईल, छेद बदलता येणार नाही. पाच हजार एकरांचा मळा चालला म्हणून हे घर उभं राहिलं. त्याच्या विटा इथल्याच मातीच्या, इथेच भाजलेल्या, आणि काही विटांवर कच्ची वीट उचलणाऱ्यांच्या बोटांचे ठसे अजून आहेत. ज्या रस्त्यावर विटा-खिळे-दारं तयार झाली तो कापून टाकला, तर उरतं नाण्यावरचंच चित्र. दुसरी भिंत मिळाली.

१ ऑक्टोबर

दक्षिणेच्या रांगेतली एक खोली आज भरली. साधारण पंधरा फूट बाय तेरा फूट. माँटिचेलोच्या अभ्यासकांच्या मते इथे सॅली हेमिंग्ज राहत असावी.

ती १७७३ सालची. तिची आई एलिझाबेथ आणि भावंडं मार्थाच्या वडिलांकडून वारसाहक्काने या मळ्यावर आली होती. १७८७ मध्ये, चौदा वर्षांची असताना, जेफरसनच्या धाकट्या मुलीची सोबत म्हणून तिला पॅरिसला पाठवलं. फ्रान्सच्या भूमीवर ती स्वातंत्र्य मागू शकली असती. तिचा मुलगा मॅडिसनने सांगितलं आहे की ती परत यायला तयार नव्हती, आणि होणारी मुलं एकवीस वर्षांची झाल्यावर मुक्त होतील असं वचन घेऊनच आली. बेव्हर्ली, हॅरिएट, मॅडिसन आणि एस्टन ही तिची मोठी झालेली चार मुलं. जेफरसन आपला बाप, असं मॅडिसनने उघड सांगितलं. १९९८ च्या डीएनए चाचणीनंतर, २००० मध्ये घराचा सांभाळ करणाऱ्या संस्थेनेही ते बहुधा खरं असल्याचं मान्य केलं.

या खोलीचं पुढे काय झालं? १९४१ मध्ये तिथे पर्यटकांसाठी पुरुषांचं स्वच्छतागृह केलं. ते काढून, खोली मोकळी करून, तिच्या आयुष्याबद्दलचं दालन म्हणून २०१८ मध्ये उघडली. आम्ही ती रिकामी काढणार नाही. काय सामान असेल याचे अंदाजही नकोत. शिवण हातात घेतलेली बाई, दार उघडं. ती घरातलं शिवणकाम आणि जेफरसनच्या कपड्यांची देखभाल करायची, हे मॅडिसनच्याच शब्दांतून आलेलं आहे.

मॅडिसनची ती कहाणी ओहायोच्या एका छोट्या वृत्तपत्रात मार्च १८७३ मध्ये छापली गेली. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, आणि ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या भल्या माणसांना अर्पण केली. दोघांना एकमेकांची गंधवार्ता असण्याचं कारण नाही. पण प्रदर्शन मराठी माणसांसमोर मांडायचं आहे, आणि इथल्या माणसाने या प्रश्नाशी दीडशे वर्षांपूर्वी नातं सांगितलं आहे. ही खोली दाखवणाऱ्या फलकावर दोन्ही तारखा शेजारी शेजारी येतील.

१८ ऑक्टोबर

सेक्शनला साल हवं. नाही तर वेगवेगळ्या काळातली माणसं एका चित्रात गोळा होतात. १८१६ ठरवलं.

त्यामुळे जेम्स हेमिंग्ज बाहेर राहतो आणि याचं मला वाईट वाटतं. सॅलीचा हा थोरला भाऊ पॅरिसमध्ये अव्वल आचारी झाला, धाकटा भाऊ पीटरला शिकवून १७९६ मध्ये मुक्त झाला. जाताना स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवली, ती आजही आहे. १८०१ मध्ये तो वारला. २०१७ मध्ये दक्षिण मंडपाच्या तळघरात जुन्या स्वयंपाकघराचं उत्खनन झालं तेव्हा त्याच्या काळातल्या चुलींचे अवशेष सापडले. त्याचं नाव तिथल्या जमिनीखाली लिहायचं, मातीच्या थरात, अशी सूचना एका विद्यार्थिनीची. घेतली.

बाकीच्यांच्या जागा : एडिथ फॉसेट आठ चुलींपुढे. तिचा नवरा जोसेफ फॉसेट लोहारशाळेत. त्यांचा मुलगा पीटर एक वर्षाचा, तिच्या जवळपास. बर्वेल कोलबर्ट, घराचा कारभारी आणि रंगारी, फिरत्या दाराच्या बाहेरच्या बाजूला. जॉन हेमिंग्ज सुतारशाळेत आणि त्याची बायको प्रिसिला वरच्या मजल्यावर मुलांपाशी, ती जेफरसनच्या नातवंडांना सांभाळायची. सॅली तिच्या खोलीत. ७३ वर्षांचा जेफरसन अभ्यासिकेत, टेबलाशी.

सगळ्यांची उंची सारखी, सगळ्यांच्या नावांची अक्षरं सारख्या आकाराची. नावं ज्यांची ठाऊक आहेत त्यांचीच. बाकी माणसं नावाशिवाय, पण कामासह. जेफरसनच्या हयातीत त्याच्या मालकीत ६०० हून अधिक माणसं होती. ती सगळी मावत नाहीत, म्हणून खालच्या पट्टीत संख्या लिहिली.

५ नोव्हेंबर

खालच्या पट्टीचा मजकूर, १८२६ नंतरचा.

जेफरसनने एक लाखाहून अधिक डॉलरचं कर्ज ठेवलं. मृत्युपत्रात पाच जणांना मुक्त केलं : बर्वेल कोलबर्ट, जॉन हेमिंग्ज, जोसेफ फॉसेट, मॅडिसन आणि एस्टन. १८२७ च्या जानेवारीत १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. लोहार जोसेफ त्याच उन्हाळ्यात स्वतंत्र होणार होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत एडिथ आणि मुलं विकली गेली. त्याने राबून एडिथला आणि काही मुलांना परत विकत घेतलं. कुटुंब ओहायोत सिनसिनाटीला गेलं. अकरा वर्षांचा पीटर मागे राहिला, पळायचा प्रयत्न केला, १८५० च्या सुमारास सुटला. पुढे तो मेजवान्यांचा नामांकित व्यावसायिक झाला आणि बाप्टिस्ट धर्मोपदेशकही. आईची विद्या त्याच्या हाती आली होती. १९०० साली, म्हातारपणी, तो माँटिचेलो पाहायला आला आणि पुढच्या दाराने आत गेला.

घराचं : १८३१ मध्ये विकलं गेलं, १८३४ मध्ये नौदलातले अधिकारी युरायाह लेव्ही यांनी घेतलं. लेव्ही ज्यू होते, आणि धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यासाठी ते जेफरसनला मानत. त्यांच्या पुतण्याने घर सांभाळलं. १९२३ पासून ते विश्वस्त संस्थेकडे. १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत.

लेव्ही घराण्याबद्दल दोन ओळी वाढवल्या. त्यांनी राखलं नसतं तर मोजायला भिंतीच उरल्या नसत्या.

२० नोव्हेंबर

शाई पूर्ण. स्कॅन झालं. लाल रेषा छपाईत तपकिरी येत होती, दुसऱ्या कागदावर ती नीट आली.

लावण्याची उंची ठरवली. नेहमी चित्राचा मध्य डोळ्यांच्या रेषेवर ठेवतात. तसं केलं तर डोळ्यांसमोर बैठकीची खोली येते आणि तळघर नजरेच्या खाली जातं, मग ते पाहायला मान खाली करावी लागेल. चित्र वर घेतलं. आता तळघराची वाट आणि स्वयंपाकघर उभ्या माणसाच्या नजरेसमोर आहेत आणि घुमट पाहायला मान वर करावी लागते. मुलांसाठी खालची पट्टी स्वतंत्र छापली, ती तीन फुटांवर लागेल.

राहिलेली कामं : छोट्या प्लॅनवर मोडलेली छेदरेषा ठळक करणं, घड्याळाच्या छेदावर "शनिवार" हे अक्षर मोठं करणं, मिस्त्रींना उद्घाटनाचं निमंत्रण, आणि फलकावर मोजणी करणाऱ्यांचं श्रेय.